स्पोर्ट्स कारची दारं आणि आरसे: आधी बिजागरी, स्ट्रायकर नंतर

स्पोर्ट्स कारचं दार आपटल्याशिवाय लागेनासं झालं की बहुतेक गॅरेजात पहिला पाना स्ट्रायकरला लागतो. मागच्या खांबावरच्या त्या यू आकाराच्या हुकाचे दोन बोल्ट सैल करायचे, तो जरा खाली ठोकायचा, की दार लागतं. काही महिन्यांत तेच दार पुन्हा अडायला लागतं. आता काचेच्या वरच्या कडेने वारा शिट्टी मारतो आणि पावसात सीटच्या बाजूला पाणी उतरतं. मूळ दोष पुढे बिजागरीत होता. स्ट्रायकर खाली घेऊन तो फक्त झाकला गेला.

दाराचं काम एका ठरलेल्या क्रमाने चालतं. आधी बिजागरी, मग दाराभोवतीच्या फटी, त्यानंतर स्ट्रायकर, मग काच आणि शेवटी रबर. मागचं प्रत्येक काम पुढच्या कामाचं माप ठरवतं. बिजागरी अर्धा मिलिमीटर हलली तर स्ट्रायकर, काच, रबर सगळ्यांची मापं बदलतात. उलट्या क्रमाने केलेलं काम म्हणूनच टिकत नाही.

साध्या चार दारांच्या गाडीत हे एवढं जाणवत नाही. तिथे दार आखूड असतं आणि काचेभोवती लोखंडी चौकट असते. दोन दारांच्या कूपे किंवा कन्व्हर्टिबल गाडीत दार सव्वा मीटरच्या वर लांब, काच वर-खाली करणारी आतली मशीन, काच, स्पीकर धरून वजन तीस किलोच्या आसपास, आणि काचेला चौकट नाही. वरची कड थेट छताच्या रबरात जाऊन बसते. बेळगावहून गोव्याकडे, जांबोटीवरून चोर्ल्याच्या घाटात खड्ड्यांतून गाडी गेली की तो सगळा हिसका दोन बिजागऱ्यांवर येतो. कडक सस्पेन्शनमुळे तो मऊ होऊन येत नाही, आणि खानापूरकडचा पाऊस उरलीसुरली कसर बरोबर शोधून काढतो.

झीज कुठे आहे ते आधी शोधा

दार वीतभर उघडा. मागच्या खालच्या कोपऱ्याला दोन्ही हातांनी धरून हलकंच वर उचला. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी एक बोट वरच्या बिजागरीच्या सांध्यावर ठेवायचं, मग खालच्या. बोटाखाली हालचाल जाणवली तर पिन किंवा बुश, म्हणजे पिनभोवतीची धातूची नळी, झिजलं आहे. बहुतेकदा ती वरचीच बिजागरी निघते, कारण उघडं दार तिला बाहेर ओढत असतं.

दोन बिजागऱ्यांमधलं अंतर साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर असतं. म्हणून वरच्या पिनमध्ये अर्ध्या मिलिमीटरची झीज झाली की दाराची मागची कड दीड ते पावणेदोन मिलिमीटर खाली येते. लॅच, म्हणजे दारातली स्ट्रायकरला पकडणारी कळ, स्ट्रायकरवर घासायला एवढं पुरतं.

काहीच प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला नाही आणि तरी दार खाली वाटतंय, तर फटी मोजा. त्यासाठी महागडं हत्यार लागत नाही. एटीएम कार्डाची ठरलेली जाडी ०.७६ मिलिमीटर असते. पाच जुनी कार्डं एकत्र धरली की ३.८ मिलिमीटर होतात, आणि बहुतेक गाड्यांत दाराभोवतीची फट साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान असते. उठावदार अक्षरं नसलेली सपाट कार्डं घ्या. लटकलेल्या दाराची खूण पक्की असते: मागच्या फटीत वर जागा कमी आणि खाली जास्त, पुढच्या फटीत नेमकं उलटं. चारी बाजूंनी फट सारखी पण दार आत-बाहेर बसलं असेल, तर बिजागरी झिजलेली नसून आत-बाहेर सरकलेली आहे. आणि एकाच ठिकाणी फट अचानक बदलत असेल तर जुना अपघात समजा. तिथे आधी डेंटरचं काम, बिजागरीचं नंतर.

बिजागरीचं काम

बॅटरी काढण्याआधी काच पाच-सहा सेंटिमीटर खाली करून ठेवा. हे विसरलं तर नंतर दार उघडताना काच रबरात आणि पट्टीत अडकते आणि जोर लावला तर फुटते. काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवरच उघडते, तेव्हा डिकीही उघडी ठेवा. मग निगेटिव्ह वायर काढून किमान दहा मिनिटं थांबायचं, कारण बऱ्याच गाड्यांत साईड एअरबॅगचा सेन्सर दाराच्या आत असतो. दाराच्या वायरींचा कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही.

फेंडरच्या आणि दाराच्या कडांना मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. बिजागरीच्या पट्टीभोवती बारीक मार्करने रेघ ओढा, ही रेघ म्हणजे परतीची वाट. दाराखाली ट्रॉली जॅक, त्यावर लाकडाची फळी, फळीवर जाड फोम. दार अडवणाऱ्या पट्टीचा, म्हणजे चेक स्ट्रॅपचा बोल्ट सोडा, खांबातला कपलर काढा आणि मग बिजागरीचे बोल्ट. दोन माणसं हवीतच.

पिन-बुशचा नवा सेट मिळत असेल तर तोच घ्यावा. पण जुन्या आयात गाड्यांना बऱ्याचदा अख्खी बिजागरीच घ्यावी लागते आणि ती यायला आठवडे जातात. इथे बेळगाववाल्यांची सोय चांगली आहे. फाउंड्री आणि लेथच्या कामावर उभ्या असलेल्या उद्यमबागेत बारीक मापाचं बुश करून देणारे टर्नर सापडतात. मात्र त्यांना नुसतं जुनं बुश नेऊन दाखवू नका, कारण झिजलेल्या बुशाचं माप झिजलेलंच असतं. बिजागरी आणि पिन दोन्ही न्या. फॉस्फर ब्राँझ सांगा, साधं पितळ लवकर झिजतं. बुशाचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर जास्त, म्हणजे ते दाबूनच बसेल. आतलं भोक दाबून बसवल्यावर रीमरने, म्हणजे भोक मापात आणणाऱ्या हत्याराने करायचं, आधी नाही, कारण दाबताना बुश आवळतं. पिन आणि बुशामध्ये ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरची सैल पुरे. आणि बुशाला कॉलर असायलाच हवी. दाराचं उभं वजन त्या कॉलरवर बसतं. सरळ नळीसारखं बुश केलं तर लोखंड लोखंडावर घासतं आणि दार पुन्हा खाली येतं.

पिनमध्ये खाच पडली असेल तर नवं बुश टाकून उपयोग नाही, पिनही नवी करा.

बसवताना सगळे बोल्ट एकदम सैल करायचे नाहीत. एका वेळी एकच बिजागरी, आणि बोल्ट एवढेच सैल की तळहाताने ठोकल्यावर दार जेमतेम सरकेल. बहुतेक गाड्यांत खांबाकडचे बोल्ट सैल केले की दार वर-खाली आणि पुढे-मागे जातं, दाराकडचे सैल केले की आत-बाहेर. काही मॉडेलांत हे उलटं असतं, म्हणून भोक कुठल्या बाजूचं मोठं आहे ते आधी पाहा. मागची कड उचलायची तर वरची बिजागरी किंचित पुढे घ्यायची किंवा खालची किंचित मागे. शेवटचा कस टॉर्क पान्याने, त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट घाटरस्त्यात सरकतो.

बिजागरीत लाकडाचा ठोकळा किंवा पाना अडकवून दार दाबायचं, म्हणजे बिजागरी वाकवून दार वर आणायचं, ही जुन्या ॲम्बेसिडरच्या काळातली पद्धत अजून दिसते. ती स्पोर्ट्स कारला लावू नका. ॲल्युमिनियमची बिजागरी वाकत नाही, तडकते. पातळ पत्र्याच्या दारात पुढच्या कडेला रंग फुटतो. ॲल्युमिनियमच्या दाराला साधे लोखंडी बोल्टही चालत नाहीत. दोन धातूंच्या मध्ये पाणी गेलं की ॲल्युमिनियम पांढरं होऊन खाल्लं जातं, म्हणून कंपनीचे कोटिंगवालेच बोल्ट वापरा. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीत आणखी एक पाहायचं. बोल्टभोवतीचं फायबर चिरडून भोक मोठं झालं असेल, तर आतून तीन मिलिमीटरची रुंद लोखंडी पट्टी दिल्याशिवाय बिजागरी धरणार नाही.

स्ट्रायकर, आणि त्याची खरी परीक्षा

आता स्ट्रायकर. त्याच्या भोवतीही आधी रेघ ओढा. बोल्ट बहुधा मोठ्या स्टार बिटचे असतात आणि घट्ट बसलेले असतात. बिट सरळ धरून हातोडीचा एक ठोका दिला की सुटतात. अर्धवट बसलेल्या बिटने फिरवलात तर डोकं खराब होतं. बोल्ट पूर्ण काढू नका, मागची पट्टी खांबात पडू शकते.

स्ट्रायकरच्या दांडीला ग्रीसचा पातळ हात लावा आणि दार अगदी हळू ढकला. लॅचची खूण दांडीच्या मधोमध पडली पाहिजे. मग हँडल ओढून धरा आणि दार आत आणत राहा. लॅच स्ट्रायकरपाशी आल्यावर दाराची मागची कड वर चढते का, किंवा खाली दबते का, ते डोळे दाराच्या रेषेत आणून बघा. दार वर चढत असेल तर स्ट्रायकर दाराचं वजन उचलतो आहे. त्याचं काम दार धरायचं आहे, पेलायचं नाही. अशा वेळी परत बिजागरीकडे जा, इथे ठोकाठोकी करू नका.

सरकवायचा तो एका वेळी एक मिलिमीटर. दाराची पुढची कड फेंडरपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर आत असावी, आणि मागचा पत्रा दाराच्या मागच्या कडेपेक्षा तेवढाच आत. म्हणजे वारा कडेवर आपटत नाही, सरकून जातो. महामार्गावर निपाणीपर्यंत नुसतं एका दिशेने गेलं तरी हा फरक कानाला कळतो. दांडीवरचं प्लास्टिकचं आवरण फाटलं असेल तर खडखड येतेच. आवरण स्वस्त असतं, बदलून टाका.

चौकट नसलेली काच

गाडीतला सगळ्यात नाजूक हिशोब इथे आहे. हँडल ओढताच लॅचमधला मायक्रोस्विच खबर देतो आणि काच १० ते १५ मिलिमीटर खाली येते. दार लागलं की ती परत वर जाऊन छताच्या रबरात शिरते. काच खाली आलीच नाही तर दार उघडताना ती रबर ओरबाडत बाहेर येते. त्याची नेहमीची कारणं तीन असतात: बॅटरी अशक्त आहे, मायक्रोस्विच गेला आहे, किंवा बॅटरी काढल्यानंतर काचेला तिची जागा शिकवलेली नाही. शिकवायची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, पण बहुधा बटण दाबून काच पूर्ण खाली, काही सेकंद बटण तसंच धरायचं, मग पूर्ण वर आणि पुन्हा धरायचं. मायक्रोस्विच गेल्याची खूण म्हणजे त्याच दाराने आतला दिवाही लागत नाही.

काचेची जागा तीन दिशांनी ठरते: पुढे-मागे, उंची आणि कल. याच क्रमाने करा. डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढल्यावर बोल्ट दिसतात. पॅडचे स्क्रू हँडलच्या झाकणाखाली आणि आर्मरेस्टमध्ये लपवलेले असतात. ते काढल्यावर खालच्या बाजूने क्लिपा सोडवायच्या आणि पॅड वर उचलून काचेच्या कडेतून काढायचं. क्लिपा तुटतातच, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा. आतल्या प्लास्टिकच्या पडद्याला ब्लेड लावू नका. हेअर ड्रायरने त्याचा काळा चिकट पट्टा गरम करून तो सोलायचा.

पुढे-मागे अशी की मागची उभी कड रबराच्या मधोमध टेकेल. उंची अशी की दार लागल्यावर काच रबराच्या खाचेत शिरेल, पण तळाला जोराने टेकणार नाही. आणि कल हा खरा कळीचा मुद्दा. काच किंचित आत झुकलेली असते, म्हणजे दार लागताना ती रबराला थोडी दाबते. हा दाब कमी पडला तर ८० च्या पुढे शिट्टी आणि पावसात पाणी. जास्त झाला तर दार आपटावं लागतं, काच करकरते आणि एक-दोन पावसाळ्यांत रबर कापलं जातं. कल मशीनच्या खालच्या बोल्टांनी बदलतो. तिथे अर्धा फेरा फिरवला तरी काचेच्या वरच्या कडेला तो कितीतरी पटीने दिसतो, म्हणून पाव-पाव फेरा.

मोजायला झेरॉक्सच्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या घ्या. दर वीतभर अंतरावर एक पट्टी काच आणि रबरामध्ये धरून दार लावा आणि हळू ओढा. सगळीकडे सारखा अडकाव हवा. एका ठिकाणी पट्टी सहज निघाली, तर पाणी तिथूनच येणार.

पाण्याची परीक्षा नळाच्या साध्या पाइपने, तोंड न दाबता, खालून सुरू करून वर चढत. प्रत्येक उंचीवर दोन-तीन मिनिटं, आत टॉर्च घेऊन एक माणूस. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा वापरला तर चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि निदान चुकतं.

पाणी पायाशी येतंय पण वरचं रबर कोरडं आहे, असंही होतं. दाराच्या आत पाणी जाणं नैसर्गिक आहे, ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. खानापूर-जांबोटी भागातली तांबडी माती त्या भोकांत बसते आणि दारात पाणी साचतं. ब्रेक मारल्यावर दारातून डचमळ ऐकू आली तर हेच. प्लास्टिकच्या पट्टीने भोकं मोकळी करा, लोखंडी तारेने नाही, तिने रंग खरवडून आतून गंज सुरू होतो. आणि तो प्लास्टिकचा पडदा परत लावताना ब्युटाइल टेपच वापरा. पॅकिंगची खाकी टेप एका पावसाळ्यात सुटते.

रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायची सवय मोडायला हवी. दाराचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि ते खनिज तेलाने फुगून मऊ पडतं. सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर मारून पुसायचा, वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी. मशीनच्या लोखंडी पट्ट्यांना पांढरं लिथियम ग्रीस. काच वर जाताना खर्र असा आवाज येऊन तिरकी होत असेल, तर केबलला काच धरणारी प्लास्टिकची घोडी तुटली आहे. केबलचे धागे सुटलेले नसतील तर नुसती घोडी बदलून भागतं.

वर उघडणाऱ्या दारांचं किट लावलेली एखादी गाडी येते, तिच्यात गॅसचा दांडा तपासा. दार अर्ध्यावर थांबत नसेल तर दोन्ही दांडे बदला. तो भोक पाडून किंवा तापवून दुरुस्त करायचा प्रकार जिवावर बेतू शकतो.

आरसे

आरसा दारावरच बसतो, म्हणून दाराचं काम झाल्यावरच त्याकडे वळायचं. ऊसाच्या हंगामात चिकोडी-संकेश्वरच्या रस्त्यांवर ट्रॉलीबाहेर आलेला ऊस आरशाला लागतो आणि आरसा दुमडला जातो. तो तुटू नये म्हणूनच त्याच्या बुडात स्प्रिंग आणि खाच दिलेली असते. लोंबकळलेला आरसा आधी पूर्ण पुढे न्या, मग एका दमात मागे आणा, कट् असा आवाज येऊन खाचेत बसेल. बटणाने दुमडणारा असेल तर नंतर बटणाने दोनदा उघड-बंद करा. मोटर न थांबता कटकटत राहिली तर आतली प्लास्टिकची दातेरी चाकं गेली आहेत. फ्यूज काढून ठेवा, नाहीतर मोटरही जळते.

गाडी उभी असताना चित्र स्पष्ट आणि इंजिन चालू झाल्यावर थरथरणारं, असं असेल तर बाहेरचं कवच हातात धरून हलवा. कवच हललं तर बुडाचे बोल्ट सैल आहेत, बहुधा तीन असतात आणि दाराच्या आतून मिळतात. नुसती काच हलली तर मागची क्लिप किंवा मोटरची गोळी झिजली आहे.

काच बदलताना तिच्यावर मास्किंग टेपची फुली मारा, हातमोजे आणि चष्मा घाला. ड्रायरने काच कोमट करा म्हणजे प्लास्टिक तडकत नाही. काचेची एक बाजू पूर्ण आत ढकला, समोरची बाजू बाहेर येते, तिथून प्लास्टिकची पाचर घालून क्लिपा सोडवा. मागे गरम करणाऱ्या पट्टीच्या दोन वायरी असतात, त्यांची टोकं पक्कडीने धरून काढा, वायर ओढू नका. नवी काच तळहाताने मधोमध, मोटरच्या चकतीवर दाबायची. कडेला दाबली तर फुटते.

बाजारात साधा आरसा त्या आकारात कापून जुन्यावर चिकटवून मिळतो. तो घेऊ नका. मूळ काच बाहेर फुगीर असते, सपाट काचेत दिसणारा रस्ता निम्म्यावर येतो. मागून पारा लावलेल्या काचेत रात्री हेडलाइटच्या दोन-दोन प्रतिमा दिसतात. वजनाने मोटर थकते ती वेगळीच. आपोआप काळवंडणाऱ्या काचेत पिवळसर डाग पसरले असतील तर आतला द्रव गळतो आहे. तो रंगावर पडू देऊ नका आणि काच बदला.

आरसा, काच आणि स्पीकर तिघंही कधी चालतात, कधी नाही, आणि दार हलवल्यावर फरक पडतो, तेव्हा मोटरा बदलत बसू नका. खांब आणि दारामधल्या रबरी नळीत वायर आतून तुटलेली असते, वरून साल शाबूत दिसते. प्रत्येक वायर हलकी ताणून पाहा, तुटलेली लांबते. बारीक तारांची मऊ सिलिकॉन वायर घ्या, सोल्डरचे जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी करा आणि सगळे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका.

आरसा लावायची पद्धतही बदलायला हवी. स्पोर्ट्स कारमध्ये बसायची जागा खाली आणि मागचा खांब जाड, त्यामुळे शेजारून येणारी मोटरसायकल सहज हरवते. अमेरिकन अभियंते जॉर्ज प्लॅत्झर यांनी १९९५ मध्ये यावर शोधनिबंध मांडला. त्यांची पद्धत आपल्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगला अशी लागू होते: डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा एवढा बाहेर करा की आपल्या गाडीची मागची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसणार नाही, आणि पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटेल. मागून ओव्हरटेक करणारी गाडी आधी मधल्या आरशात, तिथून निघता निघता उजव्या आरशात आणि मग थेट डोळ्यांच्या कडेला दिसायला हवी, मध्ये कुठेही गायब होता कामा नये. खडे बाजारसारख्या अरुंद रस्त्यात शिरताना मात्र डावा आरसा थोडा खाली आणि आत घ्या, म्हणजे मागचं चाक आणि गटाराची कड दिसते.

परदेशातून आरशाची काच मागवत असाल तर ती कुठल्या देशातल्या मॉडेलची आहे हे विचारा. अमेरिकेत चालकाच्या बाजूची काच सपाट असावी असा नियम आहे, आणि तिथे चालक डावीकडे बसतो. ती काच आकाराने आपल्या डाव्या आरशात अगदी बरोबर बसते, पण चालकापासून लांबच्या, म्हणजे रुंद दृश्याची सर्वात जास्त गरज असलेल्या बाजूला ती सपाट येते. क्लिपा, वायरी सगळं जुळतं, म्हणून बसवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. बसवण्याआधी पोलादी पट्टी काचेवर आडवी ठेवा. फुगीर काचेत पट्टीच्या दोन्ही टोकांना उजेडाची फट दिसते, सपाट काचेत दिसत नाही.